अपील हातात आलं की आधी क्लेम छापा

पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरने पेटंटचा अर्ज नाकारला, तर पेटंट कायद्याच्या कलम ११७ए खाली अपिलाला तीन महिने मिळतात. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपिली मंडळ बंद झाल्यापासून हे अपील हायकोर्टात जातं. मी मात्र पहिले दोन दिवस आदेश उघडतच नाही. तो वाचला की कंट्रोलरचाच चष्मा नाकावर बसतो. मुख्य क्लेम, म्हणजे शोधाच्या हक्काची हद्द सांगणारं अर्जातलं वाक्य, मोठ्या अक्षरात छापायचा आणि पेन्सिलीने तुकड्या-तुकड्याला तिरकी रेघ मारायची.

हे शहाणपण फजितीतून आलं. उसाचे डोळे काढायच्या यंत्राचं अपील होतं. क्लेम १ म्हणत होता, ‘दांड्याला जोडलेलं पातं’. चित्रात पातं स्प्रिंगवर होतं आणि ते चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. जुन्या पेटंटात पातं थेट वेल्ड केलेलं, म्हणून आमचं नवीन, असं लिहून मी मोकळा झालो. ज्युनिअरने सहज विचारलं, “सर, मग क्लेम ४ मध्ये ‘स्प्रिंगने जोडलेलं’ असं वेगळं कशाला लिहिलंय?” घाम फुटला. क्लेम ४ सारख्या, मुख्य क्लेमवर टेकलेल्या आश्रित क्लेमने जी भर घातली, ती मुख्य क्लेममध्ये आधीपासून होतीच, हे कोर्टाच्या गळी उतरवणं अवघड. वेल्ड केलेलं पातंही ‘जोडलेलं’च की! शेवटी स्प्रिंग क्लेम १ मध्ये आणायची दुरुस्ती मागितली. कलम ५९ क्लेम आवळू देतं, सैल करू देत नाही.

शब्द अडला तर शब्दकोश नंतर; आधी त्या धंद्यातला माणूस काय समजेल ते बघा. इंग्लंडच्या कॅटनिक खटल्यात पोलादी लिंटेलची (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईची) मागची पट्टी ‘उभी’ असावी असं क्लेममध्ये होतं. प्रतिस्पर्ध्याची ६ ते ८ अंशांनी कललेली. अपील कोर्ट म्हणालं, उल्लंघन नाही. १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फिरवलं: बांधकामवाल्याला ती पट्टी उभीच वाटेल, कारण तिचं काम ती करतेच आहे.

क्लेममध्ये ‘कम्प्रायझिंग’ (‘यांचा समावेश असलेलं’) असेल तर आणखी भाग चालतात, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (‘फक्त यांचंच बनलेलं’) असेल तर दाराला कडी. हे एवढं पुरे.

मग परीक्षण अहवालाला, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या आक्षेपांना, दिलेलं आपलंच उत्तर काढा. तिथे ‘आमचं पातं फिरत नाही’ असं लिहून सुटका करून घेतली असेल, तर इथे ‘फिरणारंही चालेल’ म्हणता येत नाही. अशी वाक्यं मी छापलेल्या क्लेमच्या समासात लाल शाईने उतरवतो, आणि मगच आदेश उघडतो.