ऊसतोडीच्या गावांत पुस्तकपेटी कशी चालवावी

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा या बालाघाटाच्या पट्ट्यातल्या कित्येक वाड्या आणि तांडे (बंजारा वस्त्या) दिवाळीच्या आसपास निम्मे रिकामे होतात. कारखान्यांचे गाळप सुरू होताच जोडपी मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात तोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुष्कळदा मुलेही सोबत असतात. त्यामुळे पुस्तकपेटीचे वेळापत्रक शाळेच्या नव्हे, तोडीच्या हंगामाच्या हिशेबाने आखावे. पावसाळ्यात मुले गावात असताना वाचनाची गोडी लावावी आणि गाडी भरण्याच्या आदल्या आठवड्यात पुस्तके त्यांच्या हाती द्यावीत.

पेटी पत्र्याची घ्यावी, कारण लाकडी कपाटाला वाळवी सोडत नाही. आत काय घालावे याचा विचार मात्र सावकाश करावा. देणगी मागितली की स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शके आणि थोरांची जाडजूड चरित्रे येऊन पडतात. ती नम्रपणे परत करावीत. अक्षर नुकते जुळू लागलेल्या मुलाला पानावर एक-दोन ओळी आणि मोठे चित्र हवे असते, मग ते मूल चौथीत का असेना. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा खुल्या परवान्याखाली मिळतात. श्रेयनामावलीचे पान कायम ठेवून त्या तालुक्याच्या ठिकाणी छापून घेता येतात. जरा पुढच्या वाचकांसाठी ‘बालभारती’चे, १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त बालपुस्तके पुरेशी आहेत.

तांड्यावर घरची बोली गोरमाटी असते. तेथे गोष्ट आधी गोरमाटीत सांगावी, शक्यतो तांड्यातल्याच एखाद्या ताईकडून, आणि मग तीच मराठीत वाचून दाखवावी. गोष्ट ओळखीची झाली की मूल छापील शब्दांचा अंदाज बांधू लागते. वाचताना बोट ओळीखालून फिरवावे. उच्चार सुधारण्यासाठी मध्येच थांबवू नये.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक पेट्या याच प्रश्नावर बंद पडतात. शाळेच्या कार्यालयात पेटी ठेवली की पुस्तक फाटेल या धास्तीने ती कुलपातच राहते आणि सुटीत तर कोणी फिरकतच नाही. ती देवळाच्या ओसरीलगत किंवा अंगणवाडीशेजारच्या एखाद्या घरी ठेवावी आणि सातवी-आठवीतल्या दोन मुलींकडे नोंदवही सोपवावी. दंड ठेवू नये. ज्याला दंडाची भीती वाटते, तो पुस्तक नेतच नाही.

हंगामात आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी पेटी संध्याकाळी, जेवणाआधी उघडावी. सोबत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन-तीन पातळ पुस्तके, एक कोरी वही आणि पेन्सिल जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी, कारण कोपीत, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, धूळ, पाचट आणि दव यांपासून कागद वाचवणे अवघड असते. फडावर मोठ्या भावंडाने धाकट्यांना वाचून दाखवावे, असे निघतानाच आईवडिलांच्या समोर ठरवून घ्यावे.

मुले परतल्यावर पिशव्या गोळा कराव्यात. ज्या पुस्तकांची पाने मळून सुटली असतील ती मुलांनाच शिवायला बसवावे आणि त्यांच्या जादा प्रती पुढील खरेदीत सर्वप्रथम घ्याव्यात; कोरी करकरीत परतलेली पुस्तके दुसऱ्या गावाच्या पेटीशी बदलून घ्यावीत.