इलेक्ट्रॉन डेन्सिटीचं चित्र काढताय? या चुका टाळा

"सर, अणू एकीकडं आणि डेन्सिटी भलतीकडंच की ओ!" खानापूरहून बेळगावला रोज येणाऱ्या एमएस्सीच्या मुलीनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. डेन्सिटी म्हणजे कुठल्या जागी इलेक्ट्रॉन किती दाट आहेत ते. रेणू साधा, पाण्याचा. 80×80×80 ग्रिडची क्यूब फाइल (ग्रिडच्या प्रत्येक बिंदूवरची डेन्सिटी ओळीनं लिहिलेली फाइल) पायथनमध्ये वाचलेली. एरर एकही नाही, आणि खरी अडचण तीच.

क्यूब फाइलमध्ये झेड सगळ्यात भरभर बदलतो, एक्स सगळ्यात सावकाश. म्हणून पायथनच्या नमपाय पॅकेजमधल्या रीशेपला (आकड्यांची यादी त्रिमितीत मांडणारं फंक्शन) 'सी' ऑर्डर, म्हणजे शेवटचा इंडेक्स भरभर, लागते. तिनं 'एफ', म्हणजे पहिला इंडेक्स भरभर, दिली होती, कारण कोड आधी व्हास्प या गणनेच्या प्रोग्रॅमच्या सीएचजीकार या डेन्सिटीच्या फाइलसाठी लिहिलेला. तिथं एक्स भरभर बदलतो. (त्या फाइलमधले आकडे पेशीच्या (गणनेसाठी घेतलेल्या डब्याच्या) घनफळानं गुणलेले असतात, भागायला विसरू नका.) तिन्ही बाजू सारख्या असल्या की उलटा क्रमही दिसायला नीटच दिसतो. बाजू वेगळ्या ठेवा, मग चुकलं तर चित्राचा पार विस्कोट होतो आणि लगेच कळतं. अणूंच्या जागा चित्रावर काढल्याशिवाय तर पुढं जाऊच नका.

चित्र काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या इमशो फंक्शनमध्ये पहिला इंडेक्स उभा जातो आणि सुरुवात वरून होते. ॲरे ट्रान्सपोज करा (उभं-आडवं अदलाबदल), ओरिजिन 'लोअर' ठेवा.

दुसरी तपासणी बेरजेची. सगळे आकडे मिळवा, एका घनखणाच्या (ग्रिडच्या एका चौकोनी खणाच्या) घनफळानं गुणा. पाण्याला 10 च्या आसपास, म्हणजे रेणूतले एकूण इलेक्ट्रॉन, यायला हवेत. ग्रिड जाड असेल तर ऑक्सिजनच्या केंद्राजवळ थोडी चूक राहते. स्यूडोपोटेन्शियल (ऑक्सिजनचे आतले दोन इलेक्ट्रॉन गणनेतून वगळणारी युक्ती) वापरलं असेल तर 8. उत्तर 1.48 आलं तर समजा, डेन्सिटी दर घन-बोरला आणि घनफळ घन-अँगस्ट्रॉममध्ये घेतलंय. 1 बोर म्हणजे 0.529 अँगस्ट्रॉम. मात्र क्रमाची चूक या बेरजेत सापडत नाही, म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

आयसोसरफेस (सारख्या डेन्सिटीच्या बिंदूंचा पृष्ठभाग) म्हणजे राजहंसगडाच्या नकाशावरची समोच्चरेषाच. कुठल्या उंचीची काढली ते सांगितलं नाही तर डोंगर केवढा, कसं कळणार? रेणूच्या बाहेरच्या आकारासाठी 0.001 किंवा 0.002 अणुएकक (इलेक्ट्रॉन दर घन-बोरला) घेतात. ऑर्बिटलला (इलेक्ट्रॉनचं तरंग-फलन, ज्याला अधिक-उणे चिन्ह असतं) 0.02 ते 0.05, तेही अधिक आणि उणे दोन्ही. एकच काढला तर निम्मं ऑर्बिटल गायब.

रंगांचं म्हणाल तर ऑक्सिजनच्या केंद्राशी डेन्सिटी शेकड्यात जाते, ओ-एच बंधावर जेमतेम 0.3-0.4. साध्या स्केलवर बंध दिसणारच नाही, लॉग स्केल घ्या. फरकाच्या डेन्सिटीला (दोन डेन्सिटींची वजाबाकी) मात्र दुरंगी स्केल, आणि शून्य बरोबर पांढऱ्यावर.