ऑनलाइन दुकानाचा बहुस्तरीय मेनू: तिसऱ्या पातळीवर होणाऱ्या या चुका टाळा

साड्यांच्या ऑनलाइन दुकानात ‘साड्या’वर गेलं की ‘पैठणी’ दिसते. ‘पैठणी’वर गेलं की ‘कॉटन पैठणी’ दिसायला हवी, पण दिसत नाही. अ‍ॅडमिनमध्ये मात्र ती जागेवर असते. मग मेनू पुन्हा पुन्हा सेव्ह होतो, थीम (दुकानाचं रूप ठरवणारा साचा) बदलली जाते, एखादं प्लगइन (जादा सोय देणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकलं जातं, आणि एका बिघाडाचे तीन होतात.

मेनू तीन ठिकाणी बिघडू शकतो: अ‍ॅडमिनमधली रचना, थीमचं टेम्प्लेट, किंवा सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारा कोड) आणि जावास्क्रिप्ट (पानाची हालचाल ठरवणारा कोड). कुठलं ठिकाण आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. लॉग-इन न केलेल्या खासगी विंडोत दुकान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स (आतला कोड) पाहा आणि त्यात ‘कॉटन पैठणी’ शोधा. नाव सापडलं नाही तर दोष रचनेचा किंवा थीमचा आहे, नाहीतर कॅशचा, म्हणजे साठवून ठेवलेलं जुनं पान दिसतंय. सापडलं, पण पडद्यावर येत नाही, तर सीएसएस-जावास्क्रिप्टचा. अपवाद एकच: काही मेनू-अ‍ॅप पान उघडल्यावर मेनू जावास्क्रिप्टने भरतात. तिथे सोर्सऐवजी ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (उघडलेलं पान आतून दाखवणाऱ्या खिडकीत) शोधा आणि तिथल्याच कन्सोलमध्ये (पानाच्या एररच्या यादीत) लाल एरर आहे का बघा.

सोर्समध्येच नाव नाही

शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या सेवेच्या मेनूत तीनच पातळ्या बसतात: मुख्य नाव, त्याखालचं, आणि त्याखालचं. चौथं नाव त्याच्याही आत ओढायचा प्रयत्न फुकट जातो. पण तीन पातळ्या अ‍ॅडमिनमध्ये लागल्या म्हणून त्या दुकानात दिसतीलच असं नाही. थीमचं टेम्प्लेट प्रत्येक पातळीसाठी वेगळा लूप (नावं एकेक करून छापणारा कोड) चालवतं. हेडरच्या फाइलमध्ये दोनच लूप असतील तर तिसरी पातळी कधीच छापली जाणार नाही, कितीही वेळा सेव्ह करा. शॉपिफायच्याच डॉन थीममध्ये तिन्ही पातळ्या येतात. तिथे हेडरच्या सेटिंगमध्ये मेनूचा प्रकार निवडता येतो: ड्रॉपडाउन, मेगा मेनू किंवा ड्रॉवर. मेगा मेनूत दुसरी पातळी शीर्षक होते आणि तिसरी त्याखालची यादी. त्यामुळे तिसरी पातळी एखाद-दुसऱ्या प्रकारालाच असेल तर बाकीची शीर्षकं ओकीबोकी दिसतात.

वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्स प्लगइनचं कारण वेगळं असतं. वर्डप्रेसची मेनू छापणारी आज्ञा मुळात सगळ्या पातळ्या दाखवते, पण थीम लिहिणारा त्यात ‘डेप्थ’ नावाचा आकडा घालू शकतो. तिथे 1 किंवा 2 असेल तर पुढची पातळी गळते. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या तुमच्या वेगळ्या थीममध्ये) तो 3 करा. मूळ थीमच्या फाइलमध्ये केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो.

‘मेनूत टाकायला प्रॉडक्ट कॅटेगरीच दिसत नाहीत’ ही तक्रार तर कायमची. क्लासिक (जुन्या पद्धतीच्या, ब्लॉकवर न बांधलेल्या) थीममध्ये ‘अपिअरन्स’मधलं मेनूचं पान उघडा, वर उजवीकडे ‘स्क्रीन ऑप्शन्स’ दाबा आणि ‘प्रॉडक्ट कॅटेगरीज’वर टिक करा. हे न सापडल्याने लोक कस्टम लिंकमध्ये पत्ता हाताने चिकटवतात आणि तिथेच पुढच्या बिघाडाचं बी पेरलं जातं. कॅटेगरी म्हणून जोडलेली ओळ स्लग (पत्त्यातलं नाव) बदलला तरी नव्या पत्त्यावर जाते. हाताने चिकटवलेली ओळ जुन्याच पत्त्यावर राहते आणि गिऱ्हाइकाला 404 (पान सापडलं नाही) दाखवते. शॉपिफायमध्येही पत्ता टाइप न करता यादीतून कलेक्शन निवडा.

वर्डप्रेसच्या त्याच मेनूच्या पानावर खाली नवी पानं मेनूत आपोआप घालण्याची एक चौकट असते. ती टिक केलेली राहिली तर तुम्ही तयार केलेलं प्रत्येक नवं वरच्या पातळीचं पान प्रकाशित होताच थेट मुख्य मेनूत जाऊन बसतं.

मोठा मेनू सेव्ह करताना शेवटच्या ओळी गायब होत असतील तर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिची) इनपुटची मर्यादा वाढवा, असा सल्ला अजून सगळीकडे फिरतो. ही मर्यादा मुळात 1000 असते आणि एकेकाळी तो सल्ला बरोबर होता. वर्डप्रेस 4.5.3 पासून मेनूची माहिती एकाच गठ्ठ्यात पाठवली जाते. आज ओळी गळत असतील तर आधी त्या पानावर दुसऱ्या प्लगइनची जावास्क्रिप्ट एरर आहे का ते पाहा.

आणि कॅश. अ‍ॅडमिन म्हणून लॉग-इन असताना बहुतेक कॅश-प्लगइन तुम्हाला ताजं पान दाखवतात, गिऱ्हाइकाला मात्र साठवलेलं. ‘मला दिसतंय, तिला दिसत नाही’ या भांडणाचं मूळ बहुधा हेच.

सोर्समध्ये आहे, पण हाताला लागत नाही

उपमेनू अर्धवट कापलेला दिसतो तेव्हा त्याच्या वरच्या एखाद्या डब्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (डब्याबाहेरचं कापून टाकणारा नियम) लावलेलं असतं. इन्स्पेक्टरमध्ये उपमेनूपासून एकेक पायरी वर जात ही ओळ बंद करून बघा. उपमेनू बॅनरच्या मागे लपत असेल तर लोक ‘झेड-इंडेक्स’ (कोण वर, कोण मागे हे ठरवणारा आकडा) 9999 करतात आणि तरी काही होत नाही. हेडरला स्वतःचा झेड-इंडेक्स, ‘ट्रान्सफॉर्म’ किंवा 1 पेक्षा कमी ‘ओपॅसिटी’ असेल तर आतल्या आकड्याला हेडरच्या बाहेर किंमत नसते. आकडा हेडरच्या डब्याचा वाढवायला हवा, आतल्या यादीचा नव्हे.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे उपमेनूकडे जाता जाता तो मिटतो. मुख्य ओळ आणि उपमेनू यांच्यात ‘मार्जिन’ने (डब्याबाहेरच्या रिकाम्या जागेने) सोडलेली 8-10 पिक्सेलची फट असते. माऊस त्या फटीत शिरला की होव्हर (माऊस नावावर असण्याची स्थिती) संपतो. तीच जागा उपमेनूच्या बाहेरच्या डब्याला ‘पॅडिंग’ (डब्याच्या आतली रिकामी जागा) म्हणून द्या, फट भरून निघते. फट नसतानाही मिटत असेल तर माऊस तिरका जातोय: ‘पैठणी’वरून उजवीकडच्या तिसऱ्या यादीकडे जाताना तो खालच्या ‘इरकल’ला घासतो आणि इरकलची यादी उघडते. मिटायला आणि बदलायला सुमारे 300 मिलिसेकंदांचा उशीर ठेवला की त्रास बराच कमी होतो. डावी-उजवी उलगडणाऱ्या याद्यांपेक्षा मेगा मेनू बरा तो याचसाठी. तिथे तिसरी पातळी आधीच डोळ्यांसमोर असते.

उजव्या टोकाच्या मुख्य नावाची यादी पडद्याबाहेर जात असेल, तर शेवटच्या दोन नावांच्या उपमेनूंना ‘लेफ्ट ऑटो, राइट 0’ द्या.

मोबाइल

बोटाला होव्हर नसतो. ‘साड्या’ या नावावरच लिंकही आणि उघडझापही ठेवली, तर पहिल्या टॅपला काही फोनवर पान उघडतं, काहींवर यादी. नाव ही लिंक ठेवा आणि शेजारचा बाण हे वेगळं बटण करा. बाण किमान 24×24 पिक्सेल असावा, हा वेब सुलभतेच्या 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 नियमांचा आकडा आहे. अंगठ्यासाठी मात्र 44 ते 48 ठेवलेलं बरं. बटणाला ‘एरिया-एक्स्पांडेड’ (यादी उघडी की मिटलेली हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) लावा आणि यादी उघडली-मिटली की त्याची किंमत बदला. एस्केपने यादी मिटायला हवी. टॅब दाबत तिसऱ्या पातळीपर्यंत जाता येतं का, तेही एकदा तपासा.

मोबाइलचा मेनू हलका करायचा म्हणून तिसरी पातळी तिथून काढून टाकणं महागात पडतं. गूगल पानाची मोबाइल आवृत्तीच वाचतं. जी लिंक तिथे नाही ती गूगलपुरती नाहीच. लिंक ‘एचरेफ’ (पत्त्याची जागा) असलेल्या ‘ए’ टॅगमध्येच हवी. नुसत्या ‘ऑनक्लिक’ने उघडणारी ओळ गूगलचा बॉट (पानं वाचणारा प्रोग्राम) ओलांडून जातो.

मेनू मराठीत असेल तर

विकतच्या थीम इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी बेतलेल्या असतात. मेनूला ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं असेल तर देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटक्या बांगडीसारखा दिसतो. ते 0 करा. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) 1.2 असेल तर वेलांटी, रफार आणि उकार कापले जातात. 1.5 ते 1.6 ठेवा.

वर्डप्रेसमध्ये स्लग देवनागरीत ठेवू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवताना 9 अक्षरांची जागा खातं आणि स्लगची मर्यादा 200 आहे. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्तही आले. ‘नऊवारी-शिवलेल्या-साड्या-लग्नासाठी’ मध्येच तुटतं. नाव मराठी, स्लग रोमन, हे उत्तम.

काही शॉपिफाय थीम मेगा मेनू कुठल्या नावाखाली उघडायचा हे मेनूतल्या नावाशी अक्षरशः जुळवून ठरवतात. रुखवताच्या सामानात ‘सुपाऱ्या’ असेल तर त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखाच, पण आतून वेगळा, म्हणून मेगा मेनू रुसतो. टाइप करू नका, मेनूतलं नाव कॉपी करून सेटिंगमध्ये चिकटवा.

तिसरी पातळी हवी का

इतकं सगळं दुरुस्त करण्याआधी हा प्रश्न विचारला असता तर अर्धं काम वाचलं असतं. गोदामाची यादी जशीच्या तशी मेनूत ओतणं ही खरी मूळची चूक. साडीचे 6 प्रकार, 8 रंग आणि 4 किमतींचे गट धरले तर 192 लिंका होतात, आणि त्यांतल्या कित्येक पानांवर एकही साडी नसते. वर्डप्रेस रिकाम्या कॅटेगरीची ओळ स्वतःहून लपवत नाही.

रंग, किंमत, काठाची रुंदी हे फिल्टरचं काम आहे: शॉपिफायमध्ये ‘सर्च अँड डिस्कव्हरी’ अ‍ॅप, वूकॉमर्समध्ये अ‍ॅट्रिब्यूट. मेनूत विणीचा प्रकार ठेवा, कारण गिऱ्हाईक ‘नारायणपेठ दाखवा’ म्हणतं. तिसऱ्या पातळीला तेच ठेवा ज्यात किमान 8-10 साड्या आहेत आणि ज्याचं नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे.

नवी रचना करताना चालू मेनूत हात घालू नका. शॉपिफायमध्ये थीमची प्रत काढली तरी मेनूची प्रत निघत नाही. दोन्ही थीम तोच मेनू वापरतात, त्यामुळे ‘प्रतीवर’ केलेला बदल थेट दुकानात जातो. वेगळ्या नावाचा नवा मेनू करा, प्रतीच्या हेडर सेटिंगमध्ये तो निवडा आणि फोनवर प्रिव्ह्यू बघा. वर्डप्रेसच्या क्लासिक मेनूला जुनी आवृत्ती परत आणण्याची सोय नाही. तिथेही नवा मेनू पूर्ण लावून मगच त्याला ‘प्रायमरी’ जागा द्या. जुना महिनाभर तसाच पडू द्या.