सुपारीचं खांडसुद्धा गळणार नाही असा जोडलेला खांब कसा विणायचा

मागच्या दिवाळीत मी आत्याबाईंना क्रोशेचा बटवा करून दिला होता (आमच्याकडं लातूरला सासूला आत्याबाईच म्हणतो), साधे खांब (क्रोशेचा उंच टाका) घालून, मोरपंखी रंगाचा, लई सुंदर दिसायला. चार दिवसांनी म्हणल्या, पोरी बटवा चांगलाय गं पण सुपारी काही ऱ्हाईना यात. बघितलं तर खरंच अडकित्त्यानं कातरलेली सुपारीची बारीक खांडं दोन खांबांच्या फटीतून निघून त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात पडायलेली. अस्तर लावून देऊ का विचारलं तर नको म्हणल्या, अस्तराच्या शिवणीत सुपारीचा भुगा बसतो आणि निघता निघत नाही. मग मी दुसरा टाका शिकायला घेतला आणि तोच आज सांगायलेय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना घट्ट वीण म्हणलं की मुका खांबच माहित असतो.

मुका खांब वाईट नाही, घट्टच होतो, पण ओळ एवढी बुटकी की वीतभर विणायला बोटं दुखून येतात. खांब उंच असतो, काम भराभर पुढं सरकतं, पण फटी राहतात. जोडलेल्या खांबात उंची खांबाची मिळते आणि फट राहत नाही. इंग्रजीत याला लिंक्ड डबल क्रोशे म्हणतात. यूट्यूबवर शोधताना एक ध्यानात ठेवा, अमेरिकन बायका ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब, पण इंग्लंडच्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब आणि खांबाला त्या ट्रेबल म्हणतात. व्हिडिओ कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघा, नाहीतर भलतंच विणून बसाल.

आता फट का पडते ते सांगते, ते कळलं की टाका पाठ करावाच लागत नाही. तुराट्यांचा कूड बघितलाय ना शेतात? तुराट्या नुसत्या वर आणि खाली बांधल्या तर मधे फाकतात, कोंबडीचं पिल्लू आरामात निघून जातं, म्हणून मधे एक आडवी कांब घालून आवळतात. साधे खांब म्हणजे मधली कांब नसलेला कूड. वर वेणीत (टाक्यांच्या डोक्यावर दिसणाऱ्या साखळीत) बांधलेले, खाली मागच्या ओळीत बांधलेले, आणि कमरेत मोकळे. जोडलेल्या खांबात प्रत्येक खांब शेजारच्या खांबाला कमरेतच अडकवायचा, एवढंच.

कसं अडकवायचं? साधा खांब घालताना आपण आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतो आणि मग सुई खाली घालतो. इथं तो वेढा घ्यायचा नाही. त्याच्या जागी शेजारच्या खांबाच्या कमरेतून दोरा ओढून आणायचा. बाकी सगळं खांबासारखंच.

नमुना करायला जाड आणि फिक्या रंगाचा दोरा घ्या. मी ४ प्लायचा सुती दोरा आणि ३ एमएमची सुई घेतली, लातूरच्या गंजगोलाई बाजारात दोन्ही मिळाले. काळा किंवा गडद जांभळा अजिबात घेऊ नका, कमरेतला दोरा दिसतच नाही आणि पहिल्या दिवशीच वैताग येतो. शक्यतो दिवसा उजेडात बसा.

२२ साखळ्या घाला. सुईवर जो वेढा आहे तो मोजायचा नाही. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर २ वेढे झाले. लगेच पुढच्या म्हणजे तिसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या, ३ वेढे झाले. आता दोरा घेऊन दोनातून काढा, परत दोरा घेऊन राहिलेल्या दोनातून काढा. झाला पहिला खांब.

इथं थांबा आणि त्या खांबाकडं नीट बघा. डाव्या हाताच्या अंगठ्यानं खांब जरा बाजूला ढकला, बरोबर मधे एक आडवा दोरा दिसेल, लोट्याच्या गळ्याला सुतळी बांधावी तसा खांबाला वेढून गेलेला. सगळा टाका त्या एका दोऱ्यावर आहे. सुई त्याच्यात वरून खाली घाला, दोरा ओढून घ्या, मग पुढच्या साखळीत सुई घालून दोरा ओढून घ्या, ३ वेढे, दोनातून, दोनातून. झाला दुसरा. आता या दुसऱ्याच्या कमरेतला दोरा शोधा आणि तसंच पुढं. ओळीच्या शेवटी २० खांब भरले पाहिजेत, मोजा.

दुसऱ्या ओळीला २ साखळ्या घाला आणि काम फिरवा. सुईपासून दुसऱ्या साखळीतून दोरा ओढा, मग मागच्या ओळीच्या अगदी पहिल्याच खांबाच्या डोक्यात, वेणीच्या दोन्ही दोऱ्यांखाली, सुई घालून दोरा ओढा, आणि नेहमीसारखं दोनदा काढा. या २ साखळ्या खांब म्हणून मोजायच्या नाहीत आणि परत येताना त्यांच्या डोक्यावर विणायचंही नाही. बहुतेक जणींचं काम इथंच बिघडतं. साध्या खांबात ३ साखळ्यांचा एक खांब धरायची सवय असते, त्या सवयीनं पहिला खांब सोडला जातो, दर ओळीला एक खांब कमी होतो आणि चौकोनाचा सुपासारखा निमुळता आकार व्हायला लागतो. माझाही पहिला नमुना असाच गेला, १२ ओळींत २० चे ९ झाले होते आणि मला पत्ताच नाही. तेव्हापासून दर ओळीच्या पहिल्या खांबाला सेफ्टी पिन लावते, परत येताना त्या पिनेच्या खांबात शेवटचा खांब पडला म्हणजे ओळ बरोबर.

दुसरी अडचण हात आवळण्याची. कमरेतून ओढलेला दोरा जर करकचून ओढला तर खांब बुटका होतो आणि कापड कडेनं वळायला लागतं. तो दोरा खांबाच्या निम्म्या उंचीपर्यंत आरामात वर येऊ द्यायचा, मगच खाली सुई घालायची. तरी आवळत असेल तर अर्धा एमएम मोठी सुई घ्या, हाताला दोष देत बसू नका. आणि आमच्या मे महिन्यात बोटाला घाम येऊन दोरा सरकत नाही, तेव्हा ओला फडका जवळ ठेवून मधे मधे बोटं पुसायची.

चार-पाच ओळी झाल्या की नमुना उजेडासमोर धरून बघा. साध्या खांबाचा नमुना शेजारी धरला तर फरक लगेच कळतो, त्यातून खिडकीचे गज दिसतात आणि यातून दिसत नाहीत. कापडावर आडव्या रेघा उमटतात आणि दर ओळीला काम फिरवत असल्यानं दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात. ताणून बघा, आडवं फार ताणलं जात नाही, म्हणून पिशवी, मोबाईलचं कव्हर, खुर्चीची बैठक यांना हा टाका लई चांगला. स्वेटरला मात्र मी नाही वापरणार, अंगावर पडायला पाहिजे तसं पडत नाही.

बटव्यासाठी मी एक वीत रुंद आणि दोन वीत लांब पट्टी विणली. ती मधे दुमडायची आणि दोन्ही बाजू मुक्या खांबानं जोडायच्या, दोन्ही थरांतून एकदम सुई घालून. मग तोंडाला गोल एक ओळ अशी, १ साधा खांब, १ साखळी, खालचा एक टाका सोडायचा, परत खांब. या ओळीत भोकं मुद्दामच पाहिजेत कारण त्यातून नाडी जाते. शेवटी वरून एक ओळ मुक्या खांबाची, म्हणजे तोंड सैल पडत नाही. नाडीला दोन पदरी दोऱ्याची साखळी पुरते, बटव्याच्या तोंडाच्या घेराच्या दुप्पट लांब ठेवा, आणि एक नाही दोन नाड्या घाला, एक डावीकडून एक उजवीकडून, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढलं की तोंड गच्च मिटतं.

आत्याबाईंनी नवा बटवा हातात घेतल्या घेतल्या त्यात सुपारीची खांडं, लवंगा आणि रुपयाची नाणी टाकली, तोंड ओढलं, उलटा धरून दोनदा झटकला आणि लुगड्याकडं बघितलं. काहीच पडलं नव्हतं. मग म्हणल्या, आता चुन्याच्या डबीला एक वेगळा कप्पा कर. त्याला याच टाक्याची चार बोटं रुंद पट्टी आतून तीन बाजूंनी शिवून दिली, वरची बाजू मोकळी ठेवून.