पॅन्क्रिएटायटिसचा जनुकीय रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हातात आला की जनुकाचं नाव मोबाइलवर शोधत बसू नका. आधी घरातल्यांची यादी करा: पॅन्क्रिएटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याचा त्रास कुणाला, कितव्या वर्षी सुरू झाला, दारू-सिगारेट होती का. ही यादी समोर नसेल तर मी रिपोर्ट उघडतच नाही.

मग जनुक पाहा. पीआरएसएस१ या जनुकात आर१२२एच नावाचा बदल सापडला तर अर्थ सरळ आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असली तरी दहांतल्या साधारण आठ जणांना आजार होतो आणि प्रत्येक अपत्याकडे तो बदल जाण्याची शक्यता निम्मी. मात्र या जनुकाशी जवळपास हुबेहूब जुळणारे भाग जीनोममध्ये, म्हणजे आपल्या संपूर्ण डीएनएमध्ये, आहेत आणि चाचणीत गल्लत होऊ शकते. म्हणून निकाल सँगर पद्धतीने (डीएनएचा तेवढाच तुकडा वेगळा वाचून) पक्का करून घ्या.

खरा घोळ स्पिंक१ या दुसऱ्या जनुकाचा. पुण्यात माझ्यासमोर येणाऱ्या रिपोर्टांत ही ओळ वारंवार असते: ‘सी.१०१ए>जी, एन३४एस, हेटेरोझायगस’ (म्हणजे दोन प्रतींपैकी एकच बदललेली), आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘पॅथोजेनिक’, म्हणजे आजार घडवणारा. घरचे हादरतात. पुढचा प्रश्न ठरलेला: “मॅडम, धाकटीचं लग्न ठरतंय, तिचीही टेस्ट करू का?” तिला काही त्रास नसेल तर नाही. एन३४एस धोका वाढवतो, एकट्याने आजार घडवत नाही. शंभर निरोगी माणसांत एक-दोघांकडे तो असतोच आणि त्यातल्या बहुतेकांना स्वादुपिंडाचा त्रास कधीच होत नाही. ‘पॅथोजेनिक’ हा शिक्का जनुकीय बदलांच्या ज्या २०१५ च्या वर्गवारीतून येतो, ती मुळात एका जनुकामुळे होणाऱ्या आजारांसाठी बेतलेली आहे. धोका वाढवणारा बदल तिच्यात नीट बसत नाही.

म्हणून तो बदल क्षुल्लक आहे असंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की आपल्याकडच्या ट्रॉपिकल पॅन्क्रिएटायटिसच्या (उष्ण प्रदेशांत दिसणाऱ्या प्रकाराच्या) रुग्णांत स्पिंक१ चे बदल ठळकपणे आढळतात, पीआरएसएस१ चे नाही. पण “कारण सापडलं, आता बाकी तपासण्या नकोत” हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सीएफटीआर आणि सीटीआरसी ही जनुकंही पाहा, रक्तातलं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड तपासा. जनुक बदलता येत नाही. दारू आणि सिगारेट मात्र आजच सोडता येते, आणि ती सोडायलाच हवी.

‘अनिश्चित अर्थ’ असा शेरा असलेल्या बदलावर कुठलाही निर्णय घेऊ नका. लॅबकडून मूळ डेटाची फाइल मागून ठेवा आणि एक-दोन वर्षांनी तोच बदल पुन्हा तपासून द्यायला सांगा.