पट्टी नंबर ०००४२: रिपोर्टमधली पुढची शून्यं

मार्केट यार्डातल्या एका आडत्याला मी पट्टी छापायचं सॉफ्टवेअर करून दिलेलं, म्हणजे माल विकला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी देतात ना, ती. मालकांची अट एकच, नंबर पाच आकडी दिसला पाहिजे. "अहो नुसतं ४२ छापलं तर दुकान कालच उघडल्यासारखं वाटतं." मी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये एलपॅड लावला, म्हणजे ठरलेली लांबी होईपर्यंत डावीकडे शून्यं भरणारं फंक्शन, ०००४२ छापून आलं, मालक खूश, मी विसरून गेलो. काही वर्षांनी सकाळी सातला फोन, "साहेब, दहा जणांना एकच नंबर कसा काय दिला तुम्ही?"

झालं होतं असं की नंबर ९९९९९ च्या पुढे गेला. एलपॅडला पाच सांगितलं की तो पाचच ठेवतो, जास्तीचं उजवीकडनं कापून टाकतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. त्यामुळे १००००० पासून १००००९ पर्यंत सगळे १०००० झाले, आणि खरा १०००० नंबर तर कधीच कुणाला तरी देऊन झालेला. चूक माझीच, कुठं तोंड दाखवणार.

तर आता कसं करायचं ते. (कोड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजीत करा, शून्यसुद्धा. भरायचं अक्षर म्हणून मराठी कीबोर्डवरचा ० दिलात तर तो बिचारा तसाच भरेल आणि मग नंबर अर्धा मराठी अर्धा इंग्रजी छापून येईल.)

मायएसक्यूएलमध्ये साधं एलपॅड(पट्टी_नं, ५, '०') न लिहिता लांबीच्या जागी ग्रेटेस्ट(५, लेंग्थ(पट्टी_नं)) टाका, तो दोन्हींतला मोठा आकडा घेतो, म्हणजे सहा आकडी नंबर आला तर सहाच्या सहा आकडे छापले जातील. ओरॅकल डेटाबेसमध्ये पण हेच चालतं. पोस्टग्रेसमध्ये एलपॅडला आकडा थेट देता येत नाही, आधी टेक्स्टमध्ये कास्ट करा (म्हणजे बदलून घ्या), बाकी कापाकापी तिथेही तशीच. मायएसक्यूएलमध्ये कॉलमलाच झीरोफिल लावायची जुनी सोय आहे, पण ती ८.०.१७ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेली) आहे आणि कॉलम आपोआप अनसाइन्ड होतो, म्हणजे वजा आकडा घेत नाही, नवीन कामात नकोच.

ओरॅकल नि पोस्टग्रेसमध्ये टू_कॅर(नं, '०००००') पण आहे. फक्त त्यात पुढे एक स्पेस येते, वजाच्या चिन्हाची राखीव जागा असते ती, आणि मग दुसऱ्या टेबलाशी जोडायला जॉइन लावला की "दिसतंय तर सारखं, मॅच का होईना" म्हणून तासभर डोकं खाजवायचं. फॉरमॅटच्या आधी एफएम लावा, स्पेस जाते. यात नंबर मोठा झाला तर कापत नाही, हॅश छापतो. मला हे आवडतं, निदान बोंब तरी मारतो.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांकडे बरीच वर्षं एलपॅड नव्हताच, त्यामुळे सगळे राइट('०००००' + कास्ट(नं ॲज व्हारकॅर(१०)), ५) लिहीत आलेत. हा डावीकडनं कापतो, म्हणजे १००००१ चा ००००१, हे तर अजून वाईट. आणि दहाच्या जागी व्हारकॅर(५), म्हणजे पाच अक्षरांचा टेक्स्ट, लिहिलंत तर इंट कॉलममधला सहा आकडी नंबर मावत नाही म्हणून तो चक्क चांदणी देतो, रिपोर्टात ००००* असं दिसतं. २०१२ पासून फॉरमॅट(नं, 'डी५') आहे, तो कापत नाही, पण लाखो ओळी असल्या की रडवतो. एसक्यूलाइटमध्ये प्रिंटएफ('%०५डी', नं), ना कापाकापी ना कटकट.

एलपॅड आणि राइटवाल्यांनी दोन गोष्टी टेस्ट कराच. वजा नंबर, कारण -५ चं ०००-५ होतं. आणि नल, म्हणजे रिकामी नोंद. राइटच्या आत प्लसच्या जागी कॉन्कॅट वापरलात तर नलचं ००००० होऊन बसतं आणि नसलेली पट्टी रिपोर्टात येते.

सॉर्टिंग नेहमी मूळ आकड्यावर करा. शून्य लावलेला कॉलम टेक्स्ट असतो, त्यात १००००० हा ९९९९९ च्या आधी येतो. व्हेअरमध्येही (शोधायच्या अटीत) मूळ कॉलमच वापरा, नाहीतर शोध वेगवान करणारा इंडेक्स वाया.

आणि हे सगळं फक्त नंबरांसाठी. कोड असेल तर गोष्ट वेगळी. त्याच आडत्याच्या जीएसटी रिपोर्टात एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला कोड) जायचे, कांदा ०७०३, बटाटा ०७०१, आणि आधीच्या माणसानं कॉलम इंटिजर केलेला, म्हणून ७०३ नि ७०१ दिसायचं. तिथे शून्य लावत बसू नका, कॉलमच व्हारकॅर करा, कारण ते शून्य कोडाचा भाग आहे. शिवाय एचएसएन चार, सहा, आठ आकडी असतो, मग किती शून्यं लावणार? पुण्याचा एसटीडी कोड ०२०, तो इंटिजरमध्ये टाकला की २० उरतो. ज्याची बेरीज कुणी करणार नाही तो नंबर नसतो, असं मी तरी धरून चालतो.

शेवटचा भोज्जा एक्सेल. तुम्ही एवढं करून सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) पाठवता, समोरचा डबल क्लिक करतो, शून्यं गायब, आणि फोन तुम्हालाच. सीएसव्हीत बरोबर आहे हे नोटपॅडमध्ये उघडून दाखवा, मग त्यांना डेटा टॅबमधनं फाइल आत घ्यायला शिकवा आणि तिथे त्या कॉलमचा टाइप टेक्स्ट करायला लावा. माझ्या आडत्याच्या मुनीमजींना हे तीनदा फोनवर सांगितलं, चौथ्यांदा गाडी काढून गुलटेकडीला गेलो आणि थेट एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइलच बनवून द्यायची सोय करून आलो.