चालती गाडी मध्येच बंद पडते? जुन्या गाडीचा दोष शोधताना या चुका टाळा

जुनी मारुती 800, झेन, एस्टीम किंवा पद्मिनी अजून जपणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. गाडी चांगली चालत असते आणि अचानक बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजला नेली तर तिथे बंद पडतच नाही. मग पार्ट बदलण्याचा सपाटा सुरू होतो. प्लग झाले, प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल झाली, पंप झाला, कार्बोरेटरही नवा बसला, आणि पुढच्या घाटात गाडी परत उभी.

हा दोष सापडतो, पण त्याचा पुरावा गाडी बंद असताना त्या काही मिनिटांतच हाती लागतो. इंजिन गार झालं की तो गेला. निदान चुकतं ते बहुतेक वेळा याच मिनिटांत.

लगेच सेल्फ मारत बसू नका

आधी सुरक्षेचं. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये जेमतेम एक-दोनदा दाबण्यापुरता जोर शिल्लक असतो. म्हणून पेडल पंप करू नका, एकदाच दाबा आणि दाबून धरा. पॉवर स्टीअरिंग असेल तर ते जड होईल, पण वळेल. गाडी थांबेपर्यंत किल्ली लॉकवर नेऊ नका, स्टीअरिंग अडकतं. चारही इंडिकेटर लावा, गाडी कडेला घ्या, द्रुतगती मार्गावर असाल तर माणसांना कठड्यापलीकडे उभं करा. टेंपरेचरचा काटा वर चढलेला दिसला तर पुढचं काहीच करू नका. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

मग सेल्फ मारण्याआधी एक मिनिट आठवा: गाडी बंद कशी पडली?

किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात गेली असेल तर संशय करंटवर, म्हणजे इग्निशनवर. आधी पिकअप तुटला, झटके मारले, अॅक्सिलरेटर दाबूनही ओढेना आणि मग गेली, तर संशय पेट्रोलवर. सिग्नलला पाय काढला की जाते पण पळताना काही त्रास नाही, तर आयडलिंगचं (पाय काढल्यावर इंजिन हळू चालू ठेवणारं) सर्किट, कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह किंवा कुठेतरी हवा खेचणारा व्हॅक्यूम पाइप बघा. आणि रेडिओ-हॉर्नसकट सगळंच गेलं असेल तर इंजिनाच्या मागे लागू नका. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि इग्निशन स्विच तपासा. किल्लीला चाव्यांचा मोठा जुडगा लटकवायची सवय असेल तर जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट त्या वजनाने आणखी लवकर झिजतात.

ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे, तिथे आणखी एक खूण मिळते. गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तरी चाकं इंजिनाला काही क्षण फिरवत असतात. इंजिन फिरतंय आणि काटा मात्र तत्काळ शून्यावर पडला, तर इग्निशनचा पुरवठा किंवा इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला आहे. काटा इंजिनाच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर पेट्रोलकडे वळा.

करंट आणि पेट्रोल रस्त्यावरच बघा

क्रम महत्त्वाचा: आधी करंट, मग पेट्रोल. उघड्या कार्बोरेटरजवळ ठिणगी पाडायची नाही, ही गोष्ट घाईत विसरली जाते.

डिकीत एक जुना पण चालू प्लग ठेवा. प्लगची एक केबल काढून त्यात तो बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका. केबल नुसती हवेत सोडून सेल्फ मारू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ते सोसत नाही. निळी, कडक ठिणगी दिसली तर करंट ठीक. पिवळट, मरगळलेली किंवा गायब असेल तर दिशा मिळाली.

पेट्रोल बघायला, कार्बोरेटरची गाडी असेल तर किल्ली बंद करून एअर फिल्टरचं झाकण काढा, आत बघा आणि अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार आत उडताना स्पष्ट दिसली पाहिजे. धार नसेल तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, बहुधा रिकामं आहे. मग टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचा श्वास बंद झाला आहे, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल अडतंय. काही रुपयांच्या या दोषासाठी पंप आणि कार्बोरेटर बदललेले लोक कमी नाहीत. पद्मिनीवाल्यांना उन्हाळ्यातला व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन ते अडणं, माहीतच आहे. तिथे पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी सुरू झाली, तर तेच निदान.

एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) किल्ली ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुंजल्यासारखा आवाज येतो. रोज ऐकत असाल तरच तो गायब झालेला कळेल. आवाज नसेल तर पंपाआधी रिले, म्हणजे पंपाला करंट जोडणारा विजेवरचा स्विच, तपासा. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण टाकीतल्या पंपाला थंडावा पेट्रोलचाच असतो.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरतोय असं वाटलं तर मात्र तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते, आणि काही इंजिनांत पुढे सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह वाकतात.

अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा एक बल्ब लावा

दोष क्वचितच येतो आणि पटकन जातो, अशा वेळी मला सर्वात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर आणलेला एक छोटा 12 व्होल्टचा बल्ब. चांगल्या वायरिंगवाल्याकडे हे काम थोड्या वेळात होतं. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून, मध्ये छोटा फ्यूज टाकून एक वायर आत आणायची, बल्बला जोडायची, दुसरं टोक अर्थला. वायर सायलेन्सरच्या गरम पाइपपासून आणि पंख्यापासून लांब बांधायची. मग गाडी नेहमीसारखी वापरायची.

गाडी बंद पडली त्या क्षणी बल्बही विझला, तर कॉइल निर्दोष आहे. दोष तिच्या आधी आहे: फ्यूज, इग्निशन स्विच, वायरिंगचा सांधा. बल्ब जळतोय आणि गाडी बंद आहे, तर कॉइल, डेल्को (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर), सेन्सर किंवा पेट्रोल. एमपीएफआयमध्ये असाच दुसरा बल्ब पेट्रोल पंपाच्या पुरवठ्यावर लावला की अर्धं काम होतं.

बल्ब विझत असेल तर सर्वात आधी विचारा, गाडीला बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक आहे का? यातले बरेच अलार्म इग्निशनची वायर कापून मध्ये इंजिन बंद करणारा रिले घालतात. वर्षं उलटली की तो सांधा गरम होऊन काळा पडतो, खड्ड्यात हलतो, आणि चालती गाडी बंद पडते. डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेला तो जोड उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर असा रिले आहे हे मालकालाही ठाऊक नसतं.

सीएनजी किट असेल तर निदान आणखी सोपं. फक्त गॅसवर बंद पडते का पेट्रोलवरही, एवढं नोंदवा. एकाच इंधनावर त्रास असेल तर आधी त्या इंधनाची बाजू तपासा. दोन्हीवर होत असेल तर टाकी आणि पंप सोडा, करंट बघा.

गार गाडी गॅरेजला देऊ नका

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे लक्षण कॉइल, पॉइंटच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसलेल्या) गाडीतला कंडेन्सर, डेल्कोमधला इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि क्रँक सेन्सर या सगळ्यांचं आहे. उष्णतेने आतली तार किंवा सांधा उघडतो, गार झाला की परत जुळतो. सकाळी गार इंजिनावर मीटर लावला तर सगळे निर्दोष निघतात. म्हणून गाडी तासभर चालवून, गरम असतानाच मिस्त्रीसमोर उभी करा, आणि ‘बंद पडते’ एवढंच न सांगता कधी, कशी, किती वेळाने, हे सांगा.

कॉइल बदलायची ठरलीच तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट मर्यादित ठेवणारा) लागणारी आणि न लागणारी यात गफलत करू नका. साधारण दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय थेट 12 व्होल्टवर बसवली तर ती तापून तोच आजार नव्याने सुरू करते, आणि मालकाला वाटतं दोष गेलाच नव्हता.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. आता मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, शिवाय टाकीतला जुना साठलेला गाळही त्याने सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो. चढावर दम तोडणाऱ्या गाडीत फिल्टर आणि पाइप आधी बदलून घ्या. तडा गेलेला पाइप हवा खेचतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर आग लागू शकते.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या गल्लीत एक फेरी मारून पैसे देऊ नका. पूर्वी जशी बंद पडायची तशाच परिस्थितीत न्या: दुपारचं ऊन, एसी चालू, तोच चढ, तितकाच वेळ. डॅशवरचा बल्ब त्यानंतरही काही आठवडे राहू द्या.